आईने अकबरींतील दोपियाझा : एका पाककृतीच्या मापांचा विचार

जुन्या कागदपत्रांतून मापें व वजनें वाचतांना आपण बहुधा दोन प्रकारच्या चुका करितों. एक तर ‘शेर’ हा शब्द दिसतांच आपल्या आजोबांच्या घरचा ऐंशी तोळ्यांचा शेर डोळ्यांपुढें आणितों. किंवा मग ‘तत्कालीन शेर’ असें मोघम लिहून पुढें जातों. धान्याच्या जमाखर्चांत ही चूक पुष्कळदां खपून जाते, कारण ती पडताळून पाहण्यास साधन नसतें. पाककृतीचें तसें नाहीं. पाककृति चुलीवर चढवितां येते आणि माप चुकलें असेल तर तें जेवणारास पहिल्या घासाबरोबर कळतें. प्रस्तुत लेखकाची अशीच एक चूक एका गृहिणीनें दाखवून दिली. तिचा वृत्तान्त व तींतून निष्पन्न झालेला विचार वाचकांस सादर करीत आहें.

अबुल फजलकृत अकबरनाम्याचा तिसरा भाग म्हणजे आईने अकबरी. त्याच्या पहिल्या खंडाचें ब्लॉकमनकृत इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास इ. स. १८७३ मध्यें प्रसिद्ध झालें व माझा आधार तेंच होय. ह्या ग्रंथांत बादशाही मुदपाकखान्याची व्यवस्था सविस्तर दिली आहे. जनावरें शहराबाहेर अथवा छावणीबाहेर नदीतळ्याजवळ मारावयाचीं, मांस धुऊन पोत्यांत घालून त्यावर आचाऱ्यांची मोहोर करावयाची, मुदपाकखान्यांत तें पुन्हां धुऊन मग भांड्यांत टाकावयाचें, असा क्रम सांगितला आहे. तयार अन्न सोन्यारुप्याच्या भांड्यांत असेल तर तांबड्या वस्त्रांत आणि तांब्याच्या व चिनी मातीच्या भांड्यांत असेल तर पांढऱ्या वस्त्रांत बांधून, मोहोर करून, यादीसह धाडीत. विषप्रयोगाची भीति हें ह्याचें उघड कारण. पण आपल्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट ही कीं, जेथें पोत्यापोत्यावर मोहोर होती तेथें मापाकडेहि लक्ष असलें पाहिजे.

ह्याच ग्रंथाच्या चोविसाव्या आईनांत पाककृति आहेत. अबुल फजलनें अन्नाचे तीन वर्ग केले आहेत. पहिला मांसविरहित, त्यास तो सूफियाना म्हणतो. दुसरा मांस व धान्य ह्यांच्या मिश्रणाचा. आणि तिसरा मसाल्यासह शिजविलेल्या मांसाचा. प्रत्येक वर्गांतील दहा दहा प्रकार त्यानें दिले आहेत. तिसऱ्या वर्गांत बिर्यान, यखनी, यूल्मा, कबाब, मुसम्मन, दोपियाझा, मुतंजन, दमपुख्त, कलिया व मलघूबा हीं नांवें येतात. (येथील बिर्यान म्हणजे हल्लींची भाताची बिर्याणी नव्हे. तो अख्खा भाजलेला मेंढा होय. एकच नांव धरून दोन काळांतील पदार्थ एक मानणें कितपत धोक्याचें आहे तें ह्यावरून दिसेल.)

ह्यांपैकीं दोपियाझा मीं विचारास घेतला. त्याच्या जिनसा अशा : मध्यम चरबीचें मांस १० शेर, तूप २ शेर, कांदे २ शेर, मीठ पाव शेर, ताजें मिरें अर्धपाव शेर, जिरें, धने, वेलदोडे व लवंगा प्रत्येकीं १ दाम, मिरें २ दाम. ह्यांत पांच ताटें होतात. कृति एवढीच. पाणी किती, विस्तव कसा, कोणता जिन्नस आधीं व कोणता मागून, ह्याविषयीं एक अक्षर नाहीं. ज्याच्याकरितां हें लिहिलें तो आचारी नव्हता. लिहिणारा हिशेब ठेवणाराच्या दृष्टीनें लिहीत होता, आणि कोठीवाल्यास पाण्याचा हिशेब लागत नाहीं.

आमच्या घरीं मांस शिजत नाहीं. कांदाहि चातुर्मासांत वर्ज्य असतो. तेव्हां प्रयोग करावयाचा तर परगृह शोधणें भाग होतें. आमच्या शेजारगांवचे एक स्नेही मोडी कागदांचे जुने संग्राहक आहेत. त्यांच्या घरीं त्यांच्या थोरल्या भगिनी, ज्यांना सारें गांव आक्का म्हणतें, रस्सा उत्तम करितात अशी ख्याति आहे. मांस मेंढीचें घ्यावयाचें असें ठरलें. आपल्याकडे मटण म्हणून जें विकलें जातें तें बहुतेक बकऱ्याचें असतें. परंतु आईनांत मेंढ्याचें व बकऱ्याचें मांस ह्यांचे भाव निरनिराळे दिले आहेत, आणि यूल्मा ह्या प्रकारांत तर कोंकरूं किंवा करडूं घेणें अधिक बरें असें स्पष्ट म्हटलें आहे. (चरकानेंहि आज व आविक हीं दोन मांसें वेगळीं मानून अजमांस फार जड नाहीं व मानवी शरीराच्या धातूंशीं समान आहे, आविक मात्र मधुर, शीत व जड आहे, असा भेद सांगितला आहे.) स्नेह्यांनीं ओळखीच्या एका धनगराकडून कोंकराचें मांस आणविलें.

मीं माझ्या वडिलांच्या वेळचें पितळी शेराचें वजन बरोबर नेलें होतें. आईनांतील सर्व जिनसांचा दहावा हिस्सा घ्यावा, म्हणजे एक शेर मांस, शेराचा पांचवा हिस्सा तूप, तेवढाच कांदा, आणि दामाचा दहावा हिस्सा प्रत्येक मसाला, असा माझा हिशेब. दाम म्हणजे १ तोळा ८ मासे ७ गुंजा हें आईनांतच दिलें आहे. त्याच्या १६७ गुंजा होतात. दहावा हिस्सा १६७/१०, म्हणजे दोन माशांहून किंचित् अधिक. मीं तराजू घेऊन लवंगा मोजूं लागलों तेव्हां आक्का कौतुकानें पाहत होत्या. मोजून झालेला ढीग पाहून त्या म्हणाल्या, “गुरुजी, बादशहाच्या घरचं जेवण ना हे? मग मसाल्याला हात एवढा आखडता कशापायीं?”

मीं ग्रंथावर भार टाकिला. पदार्थ झाला, मंडळी जेवली, आणि सर्वांचें एकच मत पडलें : मांस मऊ, मीठ बरोबर, कांदा बरोबर, पण सपक. मीं स्वतः चव घेतली नाहीं, तेव्हां मला ह्या मतास प्रमाण मानण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

घरीं परत येतांना ‘मीठ बरोबर’ हे दोन शब्द माझ्या मनांत घोळत राहिले. मीठ बरोबर, कांदा बरोबर, तूप बरोबर. मसाला तेवढा कमी. मसाल्यांतच चूक कां व्हावी? उत्तर लगेच सुचलें नाहीं. सुचलें तेव्हां स्वतःचीच लाज वाटली. मांस, तूप, कांदा, मीठ व ताजें मिरें हे जिन्नस शेरांत सांगितले आहेत. शेर कोणताहि घेतला, लहान अथवा मोठा, तरी त्यांचें परस्परांशीं प्रमाण बदलत नाहीं. कोरडा मसाला मात्र दामांत सांगितला आहे. म्हणजे एका शेरांत दाम किती हें चुकलें कीं मसाल्याचें प्रमाण चुकलेंच.

आणि हें तर अबुल फजलनें सांगून ठेविलें आहे. पूर्वीं हिंदुस्थानांत कांहीं ठिकाणीं १८ दामांचा व कांहीं ठिकाणीं २२ दामांचा शेर चाले. अकबराच्या कारकीर्दीच्या आरंभीं तो २८ दामांचा होता, आणि ग्रंथ लिहिला त्या वेळीं ३० दामांचा केला होता. दाम ५ टांकांचा. आतां १६७ गुंजांस ३० नीं गुणिलें तर ५०१० गुंजा, म्हणजे आपल्या ८ गुंजांचा मासा व १२ माशांचा तोळा ह्या कोष्टकानें ५२ तोळे २ मासे २ गुंजा होतात. अकबरी शेर हा एवढा. मीं वापरलेला शेर ८० तोळ्यांचा. म्हणजे मीं मांस अकबरी दीड शेराहून अधिक घेतलें आणि मसाला एका अकबरी शेराचा टाकिला. जेथें तीन माशांहून अधिक लवंगा हव्या होत्या तेथें दोनच मासे पडल्या. आक्कांनीं हात आखडता आहे म्हणून सांगितलें तें एक तृतीयांशानें बरोबर होतें.

हा विचार १८ दामांच्या शेराला लावून पाहिला तर तो शेर ३१ तोळे ३ मासे ६ गुंजा एवढाच येतो. ऐंशी तोळ्यांच्या शेराशीं ह्याचें नातें निम्म्याहून कमी. तेव्हां केवळ ‘शेर’ असें लिहिलेल्या कागदाचा अर्थ लावतांना तो कागद कोठला व कोणत्या वर्षाचा हें पाहिल्याशिवाय आंकडा मांडणें म्हणजे अंधारांत दगड मारणें होय.

दुसऱ्या खेपेस हिशेब सरळ प्रमाणांत मांडला. उपलब्ध नाण्यांवरून दामाचें वजन सुमारें २१ ग्रॅम भरतें. त्या मानानें अकबरी शेर सुमारें ६३० ग्रॅमचा. परंतु शेरांत ३० दाम हें एकदां ठरल्यावर ग्रॅमची अडचण राहत नाहीं. एक किलो मांसास तूप २०० ग्रॅम, कांदे २०० ग्रॅम, मीठ २५ ग्रॅम, ताजें मिरें साडेबारा ग्रॅम. जिरें, धने, वेलदोडे, लवंगा प्रत्येकीं सुमारें साडेतीन ग्रॅमपेक्षां किंचित् कमी. कोरडें मिरें पावणेसात ग्रॅमच्या आंत. ज्या वाचकांच्या घरीं हा पदार्थ करण्यास अडचण नसेल त्यांनीं हेंच प्रमाण धरावें. तूप व मीठ हल्लींच्या मानानें सढळ वाटेल. मीठ पांच ग्रॅम कमी केलें तरी चालतें असें आक्कांचें मत आहे व तें मी येथें नमूद करून ठेवितों.

‘ताजें मिरें’ ह्या शब्दांनीं घोटाळा होण्याचा संभव आहे म्हणून दोन शब्द. हिरवी मिरची ती ही नव्हे. मिरची हें अमेरिकेंतून पोर्तुगीजांबरोबर आलेलें फळ. आईनांतील मसाल्याच्या भावांच्या यादींत गोल मिरें आहे, पिंपळी आहे, सुंठ, आलें, हळद, हिंग हे सर्व आहेत, मिरची नाहीं. आपल्या भाषेंत मिरचीला नांवच मुळीं मरिचावरून मिळालें, त्यामुळें जुन्या कागदांतील ‘मिरें’ व ‘मिरची’ ह्यांची सरमिसळ नकला करणारांच्या हातून होऊं शकते. तिकडे संग्राहकांनीं लक्ष द्यावें. येथें वेलीवरचे हिरवे घोस अभिप्रेत आहेत. ते सावंतवाडीकडून आणविले. लसूण, आलें, हळद, दहीं, ह्यांपैकीं दोपियाझ्यांत कांहींच नाहीं. लसूण नाहीं हें ऐकून आक्का क्षणभर स्तब्ध झाल्या होत्या.

आतां नांवाचा विचार. ‘दो’ म्हणजे दोन व ‘पियाझ’ म्हणजे कांदा हें उघड आहे. पण दोन कांदे म्हणजे काय? एक पक्ष म्हणतो, कांदा दुप्पट. दुसरा म्हणतो, कांदा दोन वेळां : अर्धा आरंभीं तुपांत तळून, अर्धा मागाहून. हल्लींचे आचारी बहुधा दुसऱ्या पक्षाचे आहेत. (अकबर-बिरबलाच्या लोककथांत मुल्ला दोपियाझा नांवाचें एक पात्र आहे, त्याच्या नांवाच्या गोष्टी मनोरंजक असल्या तरी ह्या प्रश्नाच्या निर्णयास उपयोगी नाहींत.)

आईनांतील तिसरा वर्गच समोर ठेवून पाहूं. यखनीस १० शेर मांसाला कांदा १ शेर. दमपुख्तास १० शेरांला १ शेर. कलियास १ शेर. मलघूब्यांत १० शेर मांस व १० शेर दहीं, तरी कांदा १ शेरच. कबाबाला अर्धा शेर, मुतंजनांत कांदा नाहींच. आणि दोपियाझ्यांत २ शेर. म्हणजे मसाल्याच्या ओल्या मांसाला शेर मांसामागें शेराचा दहावा हिस्सा कांदा ही बादशाही मुदपाकखान्याची ठरीव रीत दिसते, आणि ज्या एका प्रकारांत ती बरोबर दुप्पट झाली आहे त्याचेंच नांव दोपियाझा आहे. कलियाशीं ताडून पाहिलें तर ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. मांस तेंच, तूप २ शेर तेंच, कोरडें मिरें २ दाम, लवंगा व वेलदोडे एकेक दाम हेंहि तेंच. फरक जिऱ्याधन्याचा, मिठाचा, ताज्या मिऱ्याचा व कांद्याचा. आणि नांव पडलें तें कांद्यावरून.

ह्यावर एक आक्षेप येईल तो आधींच सांगतों. दुसऱ्या वर्गांत शुल्ला म्हणून जो प्रकार आहे त्यांतहि १० शेर मांसाला कांदे २ शेरच आहेत, मग त्यास दोपियाझा कां म्हटलें नाहीं? माझें उत्तर असें कीं, शुल्ल्यांत साडेतीन शेर तांदूळ व एक शेर हरभरे आहेत. तेथें कांदा केवळ मांसाकरितां नाहीं, आणि त्या पदार्थाला ओळख धान्यानें मिळते. तुलना एका वर्गांतील प्रकारांचीच झाली पाहिजे. तथापि हा आक्षेप अगदींच निर्बल आहे असें मी म्हणत नाहीं.

दुसऱ्या पक्षाची परीक्षा आक्कांनीं न सांगतां केली. मीं त्यांना नांवाच्या वादाविषयीं कांहींच बोललों नव्हतों. पहिल्या खेपेस त्यांनीं आपण होऊन कांद्याचे दोन वांटे केले होते; एक तुपांत तांबूस होईपर्यंत परतला, दुसरा मांस अर्धें शिजल्यावर जाड चकत्या करून वर पसरला. कारण विचारतां, “सगळा तळला तर गोडी जाते, सगळा कच्चा टाकला तर वास राहतो,” एवढेंच म्हणाल्या. दुसऱ्या खेपेस मीं विनंती करून अर्ध्या अर्ध्या किलोचीं दोन भांडीं चढवविलीं. एकांत सगळा कांदा आरंभीं, दुसऱ्यांत दोन वेळां. जेवणारांपैकीं एकानेंच पहिल्यास पसंती दिली. बाकी सर्व दुसऱ्याचे. पण ह्यावरून अबुल फजलच्या मनांतील अर्थ सिद्ध होत नाहीं. कांदा दुप्पट झाला म्हणजे जाणती बाई तो एकदम टाकीत नाहीं, एवढेंच सिद्ध होतें. मला असें वाटतें कीं नांव पडलें तें मापावरून, आणि दोन वेळांची रीत त्या मापाच्या पोटीं मागाहून जन्मली. पुढें ग्रंथ दूर राहिला, रीत हातांत राहिली, आणि नांवाचा अर्थ रीतीवरून सांगूं लागले.

राहिला पाण्याचा प्रश्न. आक्कांनीं तो पहिल्याच दिवशीं विचारला होता : “गुरुजी, ह्यांत पाण्याचं माप कुठाय?” मीं ताटांच्या संख्येवरून तें काढण्याचा यत्न केला. दोपियाझ्याचे सर्व जिन्नस मिळून साडेचौदा शेरांहून किंचित् अधिक भरतात व ताटें पांच होतात; कलियाचे तेरा शेरांच्या सुमाराचे असून ताटें आठ. तेव्हां दोपियाझा आटवून दाट करीत, पाणी घालीत नसत, असें अनुमान मीं मोठ्या उत्साहानें केलें. पण दुसऱ्या वर्गांतील हरीस्याचे जिन्नस साडेसतरा शेर असूनहि ताटें पांचच होतात, हें ध्यानांत येतांच उत्साह ओसरला. हरीस्याला पाणी लागतेंच. म्हणजे सर्व प्रकारांचीं ताटें एकाच आकाराचीं होतीं असें धरून चालतां येत नाहीं. ग्रंथानें हात टेकले तेथें चूल बोलली. आक्कांनीं पाण्याचा थेंब न घालतां तुपांत कांदा परतला, त्यावर मांस व मीठ घालून भांड्यावर खोलगट झांकण ठेविलें, पाणी ओतलें तें त्या झांकणांत, आणि निखाऱ्यांवर सोडून दिलें. मांसानें व कांद्यानें आपलें पाणी सोडलें आणि त्यांतच तें शिजलें. कोंकराला पाऊण तास पुरला. जून मेंढ्याला ह्याच्या दुप्पट लागेल. कोरडा मसाला भरड कुटून दुसऱ्या कांद्याबरोबर घातला, हिरवें मिरें घोसासकट. ह्या खेपेस ‘सपक’ हा शब्द कोणी उच्चारला नाहीं, आणि आक्कांच्या नातवानें भाकरीनें भांडें पुसून काढलें.

सत्ताविसाव्या आईनांत भाव आहेत. त्यावरून ह्या दहा शेरांचा खर्चहि मांडतां येतो. मेंढ्याचें मांस ६५ दाम मण (मण ४० शेरांचा), म्हणून दहा शेरांचे सव्वासोळा दाम. बकऱ्याचें ५४ दाम मणाप्रमाणें घेतलें तर साडेतेरा. तूप १०५ दाम मण, दोन शेरांचे सव्वापांच दाम. लवंगा ६० दाम शेर, म्हणजे एक दाम वजनाच्या लवंगांस दोन दाम नाणें मोजावें लागे. वेलदोडे ५२ दाम शेर, गोल मिरें १७ दाम शेर. चिमूटभर लवंगा, वेलदोडे व कोरडें मिरें मिळून पावणेपांच ते पांच दाम होतात, जवळ जवळ तुपाइतके. एकूण सुमारें अठ्ठावीस दाम, म्हणजे चाळीस दामांच्या रुपयाचा पाऊण हिस्साहि नाहीं. परंतु साध्या मजुराचा रोज त्या वेळीं दोन दाम होता हें लक्षांत घेतलें पाहिजे. मीं पहिल्या खेपेस जो एक तृतीयांश मसाला कमी टाकिला तो बादशाही कोठीवाल्याच्या खुशीचा झाला असता.

आपल्याकडील सरदार घराण्यांच्या दप्तरांत मुदपाकखान्याच्या मोडी यादी असतात, आणि त्यांतहि कांहीं जिन्नस शेरांत व कांहीं टांक-तोळ्यांत लिहिलेले आढळतात. अशी यादी ज्यांच्या संग्रहांत असेल त्यांनीं तिची नक्कल करितांना दोन्हीं तऱ्हेचीं मापें जशींच्या तशीं, आधुनिक वजनांत न उतरवितां, ठेवावीं. आणि कागदावर गांव, साल व शेराचा प्रकार असेल तर तो वगळूं नये. यादी मांसाची असल्यास ती आक्कांकडे पोंचविण्याचें काम मी आनंदानें करीन.